कॅराव्हॅन घाटात तापते, मे महिन्यात तोरणमाळला न्यायची आहे – सल्ला हवा

केळीबाग_जळगाव

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी जुनी डिझेल मिनीबस घेतली आणि आतून घर करून घेतलं. दोन पलंग, छोटा ओटा, २०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलर. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलो, तेव्हा इंजिनच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मागच्या रविवारी मात्र फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना तो सरकत सरकत लाल पट्टीच्या कडेला गेला. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, वीस मिनिटांनी काटा उतरला. सपाटीला एरंडोल, पारोळा, धुळे कितीही पळवा, काही होत नाही.

गॅरेजमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी निघालं. त्यांनी बोअरचं पाणी टाकलं आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ थर्मोस्टॅट वाल काढी टाका." म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडपच काढून टाका. माझं मन धजत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना तोरणमाळ दाखवायचंय. बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांना घाटात उन्हात ताटकळत बसवायची वेळ यायला नको. काय काय तपासू आणि आधी काय?

लळिंगघाट

केळीबाग भाऊ, मी बरीच वर्षं धुळे-इंदूर ट्रक चालवला. गाडीचं दुखणं जाणकार सांगतील, मी चालवण्याचं सांगतो.

टॉप गिअरमध्ये गाडी रेटू नका. बहुतेक जण पाय पूर्ण दाबून, इंजिन कण्हायला लागेपर्यंत वरच्याच गिअरमध्ये ओढतात. पाण्याचा पंप इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतो आणि अशा जुन्या गाड्यांत बहुधा पंखाही. फेऱ्या पडल्या की पाणीही हळू फिरतं आणि वाराही कमी, आणि डिझेल मात्र भरपूर जळत असतं. चढ लागायच्या आधीच एक गिअर उतरवा, २००० ते २५०० फेऱ्यांत ठेवा आणि पाय हलका सोडा. वेग २५ चा झाला तरी चालेल. मागचा हॉर्न वाजवत असेल तर बाजू द्या आणि जाऊ द्या त्याला.

काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल. खिडक्या उघडा. मे महिन्यात हीटर लावणं जिवावर येतं, पण हीटरची जाळी म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, थोड्या जास्त फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. पण वाफ दिसली, पाणी गळताना दिसलं किंवा काटा लालमध्येच अडकला, तर मात्र ताबडतोब बंद. पाणी नसलेलं इंजिन चालू ठेवलं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं.

बिजासन घाट आम्ही उन्हाळ्यात पहाटेच चढायचो. तुम्हीही तसंच करा.

तापी_डिझेल

सपाटीला ठीक आणि घाटात तापते, म्हणजे बहुतेक वेळा पाणी फिरतंय पण त्याची उष्णता बाहेर जात नाहीये. ८० च्या वेगाने समोरून आपोआप वारा मिळतो, घाटात सगळा भार पंख्यावर येतो. त्यात आपला उन्हाळा. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेर २५ अंश असतील तर मधला फरक ७०. बाहेर ४५ झाले की फरक उरतो ५०. रेडिएटर तोच, पण डिसेंबरच्या जवळपास ७० टक्केच उष्णता टाकतो. सारंगखेड्याला काटा हलला नाही यावरून रेडिएटर चांगला आहे असं धरू नका.

पहिलं काम, आणि खान्देशात हेच सर्वांत महत्त्वाचं: समोरची जाळी आणि बंपर काढा. तुमच्या गाडीला एसी आहे, म्हणजे पुढे कंडेन्सर (एसीची जाळी) आणि मागे रेडिएटर. या दोघांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. पुढून सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून कोणी मध्ये बघतच नाही. कापसाच्या हंगामात धरणगाव-चोपडा पट्ट्यातल्या जिनिंगजवळून गाडी गेली असेल, तर उडालेली रुई कंडेन्सरमधून आत जाते आणि रेडिएटरच्या पत्र्यांवर बसते. त्यावर धूळ, त्यावर चिलटं, तेलाचा हात. वर्ष-दोन वर्षांत त्याचा जाड पदर होतो. पाण्याने धुताना इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात आणि वारा कायमचा बंद होतो.

दुसरं, कूलंट डिझेलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं. पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकातून ओघळ आहे का, होजच्या टोकांना पांढरट डाग आहेत का, हीटरच्या पाइपाखाली केबिनमध्ये ओल आहे का, ते बघा. ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) असेल तर तो आतून गळतो आणि बाहेर थेंब दिसत नाही. थंड इंजिनवर रेडिएटरची टोपी काढून गाडी चालू करा. हवेचे सुरुवातीचे बुडबुडे थांबल्यावरही सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या सीलकडे, बोट आहे. मग घाटाचा विचार सोडा, आधी हेड उघडा.

टोपीसुद्धा बघा. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, १ बार जादा दाबाखाली १२० च्या आसपास. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९६ लाच उकळेल. टोपीचं रबर चिरलं की दाब धरत नाही, आणि तुमचं पाणी वाफ होऊन निघून जातं.

थर्मोस्टॅट काढू नका! शंका असेल तर नवा बसवा. तो काढल्यावर हायवेला इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं आणि आत काजळी धरते. काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी आणखी तापते.

बोअरचं पाणी आजच काढा. अंघोळीच्या बंबात बसतो तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. फ्लश करा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. नुसतं कूलंट भरणंही चूक, पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही.

सातपुड्याची_लेक

दादा, एकच सांगते. फ्लश केलेलं कूलंट गटारीत किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं चाटतात, आणि ते विष आहे. डब्यात बंद करून गॅरेजला द्या. आणि २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. पिण्यापुरतं घ्या, टाकी वर पोचल्यावर भरा.

केळीबाग_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर गाडीखाली होतो.

तापीदादा, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. कंडेन्सरचे बोल्ट काढून तो पुढे झुकवला, तर रेडिएटरचा खालचा जवळजवळ निम्मा भाग दिसतच नव्हता. करड्या रंगाचा, गोधडीच्या पदरासारखा थर होता. कोपरा धरून ओढला तर वीतभर अखंड निघाला, आत कापसाचे तंतू स्पष्ट दिसत होते. टोपीचं रबरही एका बाजूला चिरलेलं. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ.

आता प्रश्न पंख्याचा. मधे व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनशी घट्ट जोडणारा भाग) आहे, ते चांगलं आहे की नाही कसं ओळखू?

तापी_डिझेल

हेड गॅस्केट वाचलं, फार बरं वाटलं. गाडी चांगली गरम करा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घ्या आणि मग पंखा हाताने फिरवा. जड लागला आणि लगेच थांबला तर ठीक. भिरभिर दोन-तीन फेरे फिरला तर कपलिंग गेलं. त्याच्या मधोमध तेलकट डाग असतील तर बघायचीही गरज नाही, बदला. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर आणि रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत ना? त्या नसल्या तर पंखा इंजिनची गरम हवाच फिरवत बसतो.

आणि एक वेगळा डिजिटल टेम्परेचर मीटर बसवा. कंपनीचा काटा बऱ्याचदा मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

लळिंगघाट

समोर जाळीवर नावाचा बोर्ड किंवा जादा दिवे असतील तर तेही काढा.

केळीबाग_जळगाव

बोर्ड होता, "आईची कृपा" लिहिलेला. मागच्या काचेवर लावला. पंखा तीन फेरे फिरला, म्हणून कपलिंग नवं टाकलं.

केळीबाग_जळगाव (तीन आठवड्यांनी)

तोरणमाळहून लिहितोय. शहाद्याला मुक्काम केला, पहाटे साडेचारला निघालो. टाकीत चाळीसेक लिटर पाणी. सपाटीला मीटर ८७ दाखवत होता. सातपायरीच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये सर्वांत जास्त ९८ गेला, एका वळणापुढे जागा बघून चार मिनिटं उभा राहिलो, इंजिन चालूच ठेवलं, ९१ वर आला. हीटर लावायची वेळच आली नाही. सूर्य वर यायच्या आत यशवंत तलावाच्या काठी पोचलो. बाबा खुर्ची टाकून बसलेत, आई आत चहा करतेय. उतरताना लळिंगदादांना विचारायचं होतं, चढलो त्याच गिअरमध्ये उतरू ना?

लळिंगघाट

हो, त्याच गिअरमध्ये. ब्रेकवर पाय धरून ठेवू नका, दाबा आणि सोडा. बाबांना नमस्कार सांगा.