लिब्रेऑफिसमध्ये पट्टीचा मॅक्रो नीट चालेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीत आमचं हळदीचं आडत दुकान आहे. कॉम्प्युटर चार, आणि खरं सांगायचं तर एकावरच एक्सेल विकतचं, बाकी तिघांवर मशीन देणाऱ्यानेच 'टाकून दिलेलं'. ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ती तीन जुनी मशीन बदलली आणि ठरवलं आता चोरीचं नको, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) टाकू.

पत्रंबित्रं त्यातल्या रायटरमध्ये मस्त होतात, तिथे काही तक्रार नाही. गाडी अडलीये शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर. पोती, वजन, दर टाकला की हमाली तोलाई वजा होऊन ए५ कागदावर पट्टी निघते आणि नंबर आपोआप पुढे सरकतो, असा मॅक्रो (फाईलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) भाच्याने कॉलेजात असताना जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये लिहून दिलेला. आता तो बंगळूरला, फोन केला की म्हणतो मामा मला त्यातलं काही आठवत नाही.

कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) उघडल्यावर आधी मॅक्रो बंदच होता, सिक्युरिटी हाय वरून मीडियम केल्यावर चालला पण अर्धाच. नंबर सरकतो, हिशेब बरोबर येतो, पण छापताना 'निव्वळ देणे' ही एकच ओळ दुसऱ्या कागदावर जाते. शेतकरी नेमकी तीच ओळ बघतो हो! दिवाणजी म्हणाले फुकटातलं आणलंत ना, मग घ्या.

दुसरं म्हणजे मराठी. शेतकऱ्यांची नावं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (आत इंग्रजी अक्षरंच, फक्त दिसतात मराठी) आहेत, नवीन मशीनवर 'पाटील' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसायला लागले. जुन्या मशीनवरून फॉन्ट कॉपी केल्यावर दिसतं सगळं, पण युनिकोडमध्ये टाईप करून नाव शोधलं तर सापडत नाही, ते कसं सापडणार म्हणा. आठशेच्या वर नावं आहेत, कन्व्हर्टरमधून काढली तर जोडाक्षरं आणि रफार नीट येतात का, कुणी केलंय का?

सीएला फाईल एक्सएलएसएक्समध्येच लागते, ते ऑप्शन्समध्ये लोड/सेव्हखाली कायमचं सेट केलंय. जीएसटीची मॅक्रोवाली ऑफलाईन युटिलिटी आहे म्हणून विकतचं एक्सेल त्या एका मशीनवर ठेवणारच आहे, त्यामुळे "सगळंच काढून टाका" असं कृपया सांगू नका.

तर मुद्द्याचा प्रश्न, हा मॅक्रो दुरुस्त करत बसू का पट्टी कॅल्कमध्ये पहिल्यापासून बांधू? फॉर्म्युले मला येतात, मॅक्रो अजिबात नाही. फेब्रुवारीत नवीन राजापुरी हळद यायला लागली की डोकं वर काढायला वेळ नसतो, त्याच्या आत करायचंय.

अपडेट: छपाईचं सुटलं. फॉरमॅटमध्ये पेज स्टाईलला जाऊन कागद ए५ केला आणि शीट टॅबमध्ये 'एका पानात बसवा' निवडलं, ओळ परत जागेवर. १२५,००० चं १,२५,००० पण झालं, लोकेल इंग्लिश यूएसए होतं ते इंग्लिश इंडिया केलं. नावांचं मात्र अजून तसंच आहे, जाणकारांनी सांगा.