अंगावरचं दूध कमी मिळालं तर मोठेपणी शुगर, लठ्ठपणा होतो का? मदत हवी आहे

मी साताऱ्याची, माहेर मिरज. मोठी मुलगी दोन वर्षं अंगावर प्यायली, धाकटा आठव्या महिन्यातच झाला, काचेत ठेवला होता आणि नंतर ओढायचाच नाही, पंपाने काढून थोडंफार पाजलं पण वाढला तो पावडरच्या दुधावरच. आता पाच पूर्ण झालीत, चांगला गुटगुटीत आहे आणि तीच काळजी आहे कारण माझ्या वडिलांना शुगर, इकडे सासऱ्यांना पण शुगर. त्यात जाऊबाईंचं चालूच, साधी सर्दी झाली तरी "अंगावर प्यायला नाही ना, मग होणारच". सासूबाई उलट म्हणतात, अगं माझी तिन्ही पोरं म्हशीच्या दुधात पाणी घालून वाढवली, कुणाला काय झालं!

नेटवर वाचून डोकं अजूनच फिरलंय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१६ च्या लेखात आहे की अंगावर प्यायलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ३ गुणांनी जास्त, लठ्ठपणा आणि डायबेटिस पण कमी दिसतो. मग बेलारूसचा अभ्यास सापडला, १९९६-९७ मधली जवळपास १७,००० बाळं, त्यात म्हणे पुढे वजनात काहीच फायदा दिसला नाही. मग खरं काय धरायचं? आणि त्याची शुगर आत्ताच तपासून घेऊ का? जाऊबाईंना काय उत्तर द्यायचं तेही सुचवा 😀

प्रतिसाद:
ताई, मी सांगलीत डाएटिशियन आहे. बेलारूसमध्ये दोन्ही गटांतल्या आयांनी पाजायला सुरुवात केलेलीच होती, फरक एवढाच की एका गटाच्या दवाखान्यांत जास्त मदत आणि प्रोत्साहन मिळालं, म्हणजे ती पावडर विरुद्ध आईचं दूध अशी सरळ तुलना नव्हेच. तुमच्या लेकासाठी मला त्यापेक्षा दोन्हीकडची शुगर महत्त्वाची वाटते, ती दुधाने पुसली जात नाही. गुटगुटीत हे डोळ्यांनी ठरवू नका, बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजन घेऊन बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) आयएपीच्या, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, तक्त्यावर मांडून घ्या, ५ ते १८ वयाचे तक्ते आहेत त्यांचे. शुगर तपासायची का ते डॉक्टर तो तक्ता बघून सांगतील, आपण होऊन लॅबमध्ये नेऊ नका. बिस्किटं, पाकिटातला ज्यूस, दुधातली चॉकलेट पावडर किती जाते ते मात्र आजच बघा. आणि बालवाडीतल्या पोरांना सर्दी होतेच हो, अंगावर प्यायलेल्यांनाही.

धागाकर्ती:
धन्यवाद!! चॉकलेट पावडर दोन्ही वेळेला जाते, आणि डबा जाऊबाईच आणतात.