मदत हवी आहे: कर्नल ६.१ वरून ६.१२ वर गेल्यापासून सास कार्डावरच्या चारही डिस्क दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

काल रात्रीपासून अडकले आहे. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

मशीनवर डेबियन १२ (लिनक्स) आहे. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या एनव्हीएमई एसएसडीवर, त्यामुळे मशीन सुरू व्हायला अडचण नाही. डेटा वेगळा ठेवला आहे: सास २००८ चिपचं एचबीए कार्ड (जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड), आयटी मोडचं फर्मवेअर (२०.००.०७.००; यात कार्ड स्वतः रेड करत नाही, डिस्क जशाच्या तशा दाखवतं), त्याला ४ टीबीच्या चार डिस्क आणि त्यांच्यावर एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने केलेला रेड ६, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच साठा. वापरायला मिळतात ८ टीबी. नवीन नेटवर्क कार्ड ६.१ वर नीट चालेना म्हणून बॅकपोर्ट्समधून (डेबियनसाठी नवी पॅकेजेस मिळतात ती जागा) फक्त ६.१२ कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, घेतला. बाकी एकही पॅकेज हलवलेलं नाही.

रीबूट केलं तर पडद्यावर डिस्कची वाट पाहत असल्याची ओळ दीड मिनिट फिरत राहिली आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. एफएसटॅबमधली (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) रेडची ओळ तात्पुरती बंद केल्यावर पुढे सरकलं, पण एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी देणारा आदेश) एनव्हीएमई सोडून काहीच नाही. ग्रबमधून (सुरू होतानाचा मेनू) जुना ६.१ निवडला की चारही डिस्क हजर, रेड जागेवर, फाइल्स उघडतात. पुन्हा ६.१२ घेतला की गायब. हे तीन वेळा करून पाहिलं.

मशीन चालू होताना कार्डाचा स्वतःचा बायोस चारही डिस्क दाखवतो. कार्ड काढून पुन्हा बसवलं, दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं, केबल बदलली. ६.१२ वर एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) एमपीटी३सास, म्हणजे या कार्डाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल, लोड झालेलं दिसतं. मात्र डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) ‘एमपीटी’ शोधलं तर आवृत्तीची एक ओळ मिळते आणि पुढे काही नाही. ६.१ वर त्याच जागी कार्डाचं नाव, फर्मवेअर आणि एकेक डिस्क अशी मोठी रांग येते. डिस्क पुन्हा शोधायला लावण्यासाठी एससीएसआय होस्टच्या स्कॅन फाइलमध्ये तीन डॅश पाठवूनही पाहिलं. उपयोग झाला नाही.

वडिलांनी टेपवर भरून ठेवलेली रेकॉर्डिंग दोन वर्षं बसून मी डिजिटल केली आहेत. त्यातली जेमतेम निम्मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून झाली आहेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय. नव्या कर्नलमधून या कार्डाचा आधार काढून टाकला आहे का? तसं असेल तर जुन्यावरच राहावं की कार्ड बदलावं?

प्रतिसाद:
पूर्वी या चिपसाठी एमपीटी२सास असा वेगळा ड्रायव्हर होता. तुमच्या एखाद्या सेटिंगमध्ये ते जुनं नाव राहून गेलं असेल का? मी एकदा त्यातच अडकलो होतो.

प्रतिसाद:
ते इथे लागू होणार नाही असं वाटतं. एमपीटी२सास हा एमपीटी३सासमध्ये मिसळला कर्नल ४.४ मध्ये, म्हणजे २०१६ च्या सुरुवातीला. ६.१ आणि ६.१२ दोन्हीकडे एकच ड्रायव्हर आहे. शिवाय मॉड्यूल लोड होतंय म्हणजे ते कर्नलमध्ये आहेच. क्यू डेप्थ (कार्डाकडे एका वेळी जाणाऱ्या कामांची संख्या) कमी करणारा पॅरामीटर देऊन पाहता येईल. जुन्या कार्डांवर कधी कधी त्याने काम होतं.

प्रतिसाद:
ताई, आधी जे करायचं नाही ते सांगतो. डिस्क दिसायला लागल्या आणि रेड आपोआप उभा राहिला नाही, तरी एमडीएडीएमला ‘क्रिएट’ सांगू नका. इंटरनेटवर तो उपाय जागोजागी सापडेल. त्याने डिस्कवरचा सुपरब्लॉक (रेडची माहिती असलेली नोंद) नव्याने लिहिला जातो. डिस्कचा क्रम किंवा डेटा सुरू होण्याची जागा एवढीशी जरी वेगळी पडली तरी हाती काही लागत नाही. वापरायचं ते फक्त ‘असेंबल’.

दुसरं, ऑटोरिमूव्ह (नको वाटणारी जुनी पॅकेजेस काढणारा आदेश) चालवू नका, आणि सगळ्या कर्नलांचं इनिट-रॅम-एफएस (सुरू होताना कर्नलसोबत लोड होणारा ड्रायव्हर व सेटिंगचा गठ्ठा) एकदम नव्याने बनवणारा ‘-के ऑल’ही नको. ६.१ ची चालणारी इनिटआरडी फाइल (हाच तो गठ्ठा) आजच बूट फोल्डरमधून दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

आता मुद्द्याचं. जुन्यावर चालतं आणि नव्यावर नाही, एवढ्यावरून दोष कर्नलचाच असं ठरत नाही. ग्रबमध्ये तुम्ही दुसरी ओळ निवडता तेव्हा कर्नल बदलतो आणि त्याच्यासोबतचं इनिट-रॅम-एफएससुद्धा बदलतं. जुनं बनलं जुन्या दिवशी, त्या दिवशीच्या कॉन्फिग फाइल्स पोटात घेऊन. नवं बनलं काल. मधल्या काळात मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये (ड्रायव्हर कसे लोड व्हावेत त्याच्या सेटिंग) काही बदललं असेल, तर त्याचा परिणाम नव्यात दिसेल आणि जुन्यात दिसणार नाही.

६.१२ वर जाऊन एलएसपीसीआय -एनएनके (कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारा आदेश) चालवा आणि या कार्डाखालच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा इथे द्या. ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ फक्त कोणता ड्रायव्हर चालू शकेल ते सांगते. मला बघायची आहे ‘ड्रायव्हर इन यूज’. एलएसमॉडमध्ये नाव दिसलं म्हणजे कार्ड त्याच्याच हातात आहे असं नसतं.

धागाकर्ती:
कॉपी करून ठेवली. आता ६.१२ वरून लिहितेय. कार्डाचा क्रमांक १०००:००७२, पत्ता ००००:०ए:००.०. ‘कर्नल मॉड्यूल्स’समोर एमपीटी३सास आहे. ‘ड्रायव्हर इन यूज’समोर मात्र व्हीएफआयओ-पीसीआय!

तुमचा प्रतिसाद वाचल्यावर डीमेसेज वरपासून वाचलं. काल मी ‘एमपीटी’ शोधत बसले होते, म्हणून ही ओळ नजरेतून सुटली: व्हीएफआयओ-पीसीआयने १०००:००७२ आपल्या यादीत घेतल्याची. तीन आठवड्यांपूर्वी हे कार्ड एका व्हर्च्युअल मशीनला थेट द्यायचा विचार होता. मॉडप्रोब.डीमध्ये त्याची फाइल केली, एमपीटी३सासच्या आधी व्हीएफआयओ-पीसीआय लोड व्हावं अशी सॉफ्टडेपची ओळ घातली, इनिट-रॅम-एफएसच्या मॉड्यूल यादीतही नाव लिहिलं. मग दुसरं काम आलं आणि तो विचार मागे पडला. इनिट-रॅम-एफएस मी नव्याने बनवलं नव्हतं. काल नवा कर्नल आला तेव्हा ते त्याच फाइल्स घेऊन बनलं असणार, बरोबर?

प्रतिसाद:
अगदी बरोबर. ६.१ च्या इनिट-रॅम-एफएसला ती फाइल माहीतच नाही. तिथे एमपीटी३सास आधी येतो आणि कार्ड घेतो. ६.१२ मध्ये व्हीएफआयओ-पीसीआय आधी पोहोचतो. त्याचं काम कार्ड धरून व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणं, त्यामुळे तो डिस्क शोधतच नाही. म्हणूनच कुठे एररही आली नाही.

रीबूट न करता आत्ताच खात्री करता येईल. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या फाइल्स) व्हीएफआयओ-पीसीआयच्या अनबाइंड फाइलमध्ये कार्डाचा पत्ता लिहा, म्हणजे तो कार्ड सोडेल; मग तोच पत्ता एमपीटी३सासच्या बाइंडमध्ये, म्हणजे तो कार्ड घेईल. रेड उभा राहिला तर पहिल्यांदा रीड-ओन्ली माउंट करा.

ते जमलं की मॉडप्रोब.डीमधली फाइल आणि मॉड्यूल यादीतली ओळ काढा, आणि फक्त ६.१२ चं इनिट-रॅम-एफएस नव्याने बनवा. एलएसइनिट-रॅम-एफएसने आत डोकावून त्या कॉन्फिग फाइलचं नाव आता तिथे नाही ना, ते पाहा. मगच रीबूट.

धागाकर्ती:
झालं! बाइंड केल्यावर दहाएक सेकंद काहीच घडलं नाही, मी श्वास रोखून बसले होते. मग डीमेसेजमध्ये कार्डाचं नाव, फर्मवेअर आणि एकामागून एक चार डिस्क आल्या. रेड (एमडी०) आपोआप जुळला. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती) कंसात चारही यू, म्हणजे चारही डिस्क चालू आहेत, एकाच्याही जागी अंडरस्कोअर नाही. एमडीएडीएम एक्झामिनमध्ये इव्हेंट्सचा आकडा चारही डिस्कवर एकच आहे, म्हणजे एकही डिस्क मागे राहिलेली नाही. रीड-ओन्ली माउंट करून सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग लावलं, पहिल्या वाक्यापासून नीट ऐकू आलं.

मग सांगितल्याप्रमाणे सगळं केलं आणि ६.१२ वरच रीबूट घेतला. डिस्क दिसतात, नेटवर्क कार्डही चालतं. खूप खूप आभार. कालच्या रात्री तुमचा पहिला प्रतिसाद असता तर केबल सोडवत बसले नसते.

एक शेवटचं विचारते. एफएसटॅबमध्ये ती ओळ परत चालू करताना ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहावं का?

प्रतिसाद:
डेटाची डिस्क असेल तर हो. रूट वेगळीकडे आहे, तेव्हा रेड आला नाही म्हणून अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जायचं कारण नाही. फक्त एक धोका लक्षात असू द्या: रेड माउंट झाला नाही तर रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिलेलं सगळं गुपचूप एनव्हीएमईवर जातं. माउंट नसताना त्या फोल्डरला सीएचएटीटीआर आदेशाने ‘+आय’ (बदल करता न येणारं) लावून ठेवा, म्हणजे तिथे कोणाला लिहिताच येणार नाही. आणि उरलेली निम्मी रेकॉर्डिंग आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतो, पण चुकून पुसलेली फाइल तो परत देत नाही.

धागाकर्ती:
‘+आय’ लावलं, ‘नोफेल’ लिहिलं. कॉपी सुरू आहे, साधारण तिसरा हिस्सा झालाय. धाग्याच्या नावात ‘सुटला’ असं जोडते.