नागपूर–गडचिरोली रस्त्यावर मे महिन्यात दिसलेल्या काही गोष्टींबद्दल विचारायचे आहे

दूरचा_पांथस्थ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नात्यातील एका लग्नासाठी आम्ही चौघे पुण्याहून नागपूरला आलो, आणि तेथून गाडीने उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असे करत गडचिरोलीला गेलो. परतताना मूल–चंद्रपूर रस्ता धरला. सफारी वगैरे काही ठरवलेले नव्हते. तरीही त्या दोन दिवसांत गाडीच्या काचेतून जे दिसले, त्यातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा आम्हाला झालेला नाही. या भागातील जाणत्यांनी सांगितल्यास फार बरे होईल.

भिवापूरला लाल मिरच्यांनी झाकलेले एक मोठे आवार आणि त्यात ओळीने बसून देठ खुडणाऱ्या बायका पाहिल्या. ते मिरचीचे काम आहे हे ओळखता आले, कारण ठसका गाडीच्या आत आला होता. गाव मागे पडल्यावर मात्र रस्त्यालगतच्या एका शेताला चारही बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या दिसल्या. आईला आधी वाटले की कोणी धुणे वाळत घातले आहे, परंतु पुढे तसेच दुसरे शेत आले, मग तिसरे. एके ठिकाणी आम्ही उतरून जवळ गेलो. बांबूच्या काठ्यांना कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेल्या त्या साड्यांचे रंग उन्हाने उडाले होते, काठांची जर काळी पडली होती, आणि एका हिरव्या साडीच्या पदराला कोणीतरी कधीकाळी मारलेली गाठ अजून तशीच होती.

नागभीडच्या अलीकडे खडकाळ उतारावर चुना फासल्यासारखे पांढरे, एकही पान नसलेले झाड उभे होते. आरमोरीच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर पानांच्या हजारो जुड्या इतक्या नीट ओळींत मांडलेल्या होत्या की दुरून ती रोपवाटिका वाटली. जंगलातून जाताना काही मोठ्या झाडांखालची जमीन गोलाकार जळलेली दिसे, झाड मात्र हिरवेगार. ही आग कोण लावते?

सर्वांत जास्त कुतूहल आहे ते परतीच्या संध्याकाळचे. मूल गाव सोडल्यावर संधिप्रकाशात एक काळे, केसाळ जनावर पाठीवर गाठोडे घेतल्यासारखे रस्ता ओलांडून गेले. चालकाने ते अस्वल असल्याचे सांगितले, पण पाठीवर काय होते हे त्यालाही नीट दिसले नाही. अंधार पडल्यावर रस्त्याच्या मधोमध लाल निखाऱ्यासारखे काहीतरी चमके, आणि गाडी अगदी जवळ आली की तेथून एक पक्षी आवाज न करता उडून जाई. असे सात-आठ वेळा झाले.

शेवटचा प्रश्न थोडा निराळा आहे. दुपारी रस्त्याकडेला वानरांची टोळी बसली होती. माझ्या मुलाने केळे देण्यासाठी काच खाली केली, तेव्हा चालकाने त्याला जरा कडक शब्दांत थांबवले. त्याचे बरोबर होते का?

बांधावरून

मी भिवापूर तालुक्यातलाच शेतकरी आहे, म्हणून साड्यांबद्दल मी सांगतो. त्या रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी बांधलेल्या असतात. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. उन्हाळ्यात जंगलातला चारा वाळतो, पाणी आटते, आणि अशा वेळी बोअरच्या पाण्यावर जिथे भाजीपाला, मूग किंवा उन्हाळी धान हिरवे दिसते तिथे ही जनावरे रात्री उतरतात. डुक्कर खाते थोडे आणि उकरून, तुडवून नासते फार. साडी आडवी असली की त्याला पलीकडचे दिसत नाही, वाऱ्याने कापड हलत राहते, आणि सुरुवातीचे काही दिवस त्याला माणसाचा वासही असतो, त्यामुळे ते बिचकते. पण सवय झाली की तेच डुक्कर खालून मुसंडी मारून आत शिरते. मग साड्यांच्या जागा बदलायच्या, आणि तरीही रात्री मचाणावर जागलीला जायचेच.

ज्याला परवडते तो झटका मशीन लावतो. त्यात बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर तारेतून थांबून थांबून झटका बसतो, जनावर पळते, मरत नाही. मात्र काही जण थेट विजेच्या खांबावरून आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्याने शेजारचा शेतकरीसुद्धा मेल्याची उदाहरणे आहेत. उमरेड–कऱ्हांडला अभयारण्यातला जय वाघ सर्वांना माहीत आहे. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच जिवंत तारेने मेला. त्या तारेपेक्षा आमच्या साड्या हजार पटींनी बऱ्या, असे मी मनापासून म्हणतो.

पदराच्या गाठीचे आपण लिहिलेले वाचून थोडा वेळ थांबलो. बाजारात वजनावर जुन्या साड्या मिळतात, पण घरच्याही जातात. आमच्या बांधावर सध्या आईच्या तीन साड्या आहेत.

झाडीतला_मास्तर

पांथस्थ, आपण मैदानावर पाहिली ती तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पाने मोजून घेण्याची आणि वाळवण्याची जागा. तेंदू म्हणजे टेंभुर्णीची पाने, विड्या वळण्यासाठी जातात ती. मे महिन्यात आमच्या गडचिरोली जिल्ह्यात पहाटे घरे ओस पडतात, कारण म्हाताऱ्या माणसांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे पाने तोडायला जंगलात गेलेले असतात. दुपारी अंगणात किंवा पडवीत बसून ती पाने सारखी करायची, ७० पानांचा एक पुडा सालीच्या दोरीने बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. मांडलेले पुडे उन्हात वाळवतात, मधे उलटवतात, आणि पुरते वाळल्यावर पाणी शिंपडून पोत्यांत भरतात. या दिवसांत वळवाचा पाऊस आला तर पान डागते आणि आठवडाभराची मेहनत वाया जाते, म्हणून आकाशात ढग दिसला की आमच्याकडे लोक वर बघू लागतात. पूर्वी या संकलनाचा सारा व्यवहार वनखाते आणि ठेकेदार यांच्याच हाती होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र पालटले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आज जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पुढच्या वेळी फळी दिसली तर अवश्य थांबा. पुडे मोजणारा माणूस आनंदाने माहिती देतो, फक्त ओळींमधून चालू नये.

जळलेली गोल जागा मोहाखालची आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची रसदार फुले पहाटेपासून टपटप गळतात, आणि पालापाचोळ्यात ती वेचणे कठीण जाते म्हणून झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. ती आग विझवली नाही तर वणवा पेटतो. मी स्वतः मोह वेचत लहानाचा मोठा झालो आहे आणि तरीही ही पद्धत बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे. झाडाखाली जाळी अंथरली किंवा खराट्याने झाडून घेतले तरी काम होते. आमच्या गावातील काही घरांनी हिरवी जाळी वापरायला सुरुवात केली आहे, आणि त्यावरचे फूल मातीशिवाय मिळत असल्याने ते अधिक स्वच्छ वाळते.

पांढरे झाड म्हणजे कुलू. काही ठिकाणी त्याला कढई म्हणतात. त्याची साल गुळगुळीत असते, कागदासारखे पापुद्रे सुटतात, आणि उन्हाळ्यात पाने नसल्यामुळे ते चांदण्यात दुरूनही चमकते, म्हणून लोक त्याला भुताचे झाड म्हणतात. त्याच्या खोडातून कराया नावाचा डिंक मिळतो. फांद्यांच्या टोकाला तांबडी, चांदणीच्या आकाराची फळे दिसली तर हात लावू नका, कारण त्यांवरची कूस त्वचेत शिरून फार खाजते.

पाणवठ्यावरची_रात्र

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राण्यांच्या नोंदी घेण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे, तेव्हा उरलेल्या प्रश्नांबद्दल लिहितो.

आपण पाहिलेले गाठोडे म्हणजे अस्वलाची पिल्ले होती, याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडील अस्वलाची मादी हिवाळ्यात गुहेत किंवा कपारीत पिल्ले घालते, साधारण एक किंवा दोन. बाहेर पडू लागली की ती आईच्या पाठीवरच्या लांब केसांत नखे रुतवून बसतात आणि कित्येक महिने तशीच फिरतात. एकदा मचाणाखाली पाण्यावर आलेली मादी मी जवळून पाहिली आहे. ती पाण्याला वाकली तेव्हा एक पिल्लू तिच्या मानेवर घसरले, पुन्हा खांद्यापर्यंत सरकले, आणि तिने पाणी पिणे थांबवले नाही. या दिवसांत अस्वले वाळवीची वारुळे फोडतात, पिकलेली फळे खातात, आणि त्याआधी मोहाखाली येतात. मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या माणसांवर हल्ले होतात ते याच कारणाने, कारण दोघांचीही वेळ आणि झाड एकच असते. पिल्ले सोबत असलेल्या मादीइतके धोकादायक जनावर या जंगलात क्वचितच असेल, त्यामुळे आपण गाडीतून उतरला नाहीत हे उत्तम केले.

लाल निखारा म्हणजे रातवा. त्याच्या डोळ्यांच्या आत प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे दिव्यांच्या उजेडात ते लाल दिसतात. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता रात्री उबदार राहतो आणि मोकळ्या जागेवरून उडणारे कीटक टिपणे सोपे जाते, म्हणून तो तेथे येऊन बसतो. त्याचा रंग वाळलेल्या पानांसारखा असल्याने तो शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही, आणि वेगातल्या गाडीखाली सापडतो. सकाळी याच रस्त्यावर मी मेलेले रातवे उचलून कडेला ठेवले आहेत. उन्हाळा हा त्यांचा विणीचा काळ असतो. घरटे नसते, उघड्या जमिनीवर दोन अंडी असतात. रात्री जंगलातील रस्त्यावर वेग निम्मा करा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

वानरांच्या बाबतीत चालकाचे पूर्णपणे बरोबर होते. खाऊ मिळतो हे कळले की टोळी रस्त्यावर ठाण मांडते, आणि मग पिल्ले गाड्यांखाली जातात. झाडांच्या कोवळ्या पानांवर आणि फळांवर जगणाऱ्या प्राण्याला केळी-बिस्किटांची गरज नसते.

दूरचा_पांथस्थ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाला रातव्याचे वाचून दाखवले, आणि चालकालाही फोन करून आपले उत्तर कळवले. फोटो पुन्हा पाहताना आणखी एक शंका आली. फळीच्या कडेला एक मुलगी पळसाच्या पानांच्या द्रोणात लिंबाएवढी पिवळी फळे विकत होती. आम्ही ती घेतली, पण साल चावल्याने तोंड एवढे तुरट झाले की उरलेली टाकून दिली.

झाडीतला_मास्तर

ती टेंभरे, म्हणजे त्याच तेंदूची फळे. साल खायची नसते. बोटांनी दाबून सोलायची आणि आतला पिवळा गर खायचा, पिकलेल्या फळाचा गर चांगला गोड असतो, बिया तेवढ्या टाकायच्या. पाने खुडली जातात ती लहान झुडपांची, त्यांना फळ धरत नाही. फळ मोठ्या झाडाचेच, आणि ते वेचायला सकाळी लवकर जावे लागते, कारण रात्री गळालेले अस्वल आधी खाऊन जाते.