आरोग्य संशोधनात ‘ग्रामीण’ मोजायचं कसं? मला तो रकानाच नको

माणदेशी
‘ग्रामीण/शहरी’ हा दोन कप्प्यांचा रकाना प्रबंधांतून हद्दपार करावा, असं माझं मत. जनगणनेच्या व्याख्येत नगरपालिका किंवा नगरपंचायत असली की शहर. नसेल तर लोकसंख्या किमान 5000, घनता चौरस किलोमीटरला 400 आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के बिगरशेतीत. दवाखाना किती लांब, हे यात कुठेच नाही. म्हणून मिरजेजवळचं बेडग आणि जतच्या पूर्व टोकाचं उमदी एकाच कप्प्यात बसतात. मेढ्याला नगरपंचायत झाली म्हणून तिथे भूलतज्ज्ञ येत नाही. त्यापेक्षा प्रवासाची मिनिटं मोजा: प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत वेगळी, सिझेरियन होतं त्या रुग्णालयापर्यंत वेगळी.

कृष्णाकाठ
साफ असहमत. मिनिटांनाच ग्रामीणपणा म्हटलंत, तर ‘ग्रामीण असल्यामुळे उपचार मिळत नाहीत का?’ हा प्रश्नच उरत नाही. कारण आणि परिणाम एकाच मापाने मोजून सहसंबंध निघणारच, त्यात शोध कसला? घनता, शेतीवरचं अवलंबन, शहराशी असलेली ये-जा हे एकीकडे ठेवा, पोच, म्हणजे उपचारापर्यंत पोचता येणं, दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच सांख्यिकी प्रारूपात घाला. अमेरिकेचे रुका कोड, म्हणजे ग्रामीण-शहरी वर्गवारीचे क्रमांक, कामासाठीची ये-जा धरतात, पण आपली जनगणना कोणत्या गावातून कोणत्या शहरात किती जण कामाला जातात हे छापत नाही. ते इथे चालवायला जाऊ नका.

घाटमाथा
मिनिटं मोजणं सोपं आहे असं कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेचं अ‍ॅक्सेसमॉड हे प्रवासवेळ काढणारं सॉफ्टवेअर घ्या आणि कोयना जलाशयाकाठच्या तापोळा-बामणोलीवर चालवा. त्या जलाशयाचा, शिवसागरचा, थर नकाशावर टाकायला विसरलात तर रुग्ण पाण्यावरून ताशी 5 किमी चालत पलीकडे जातो! थर टाकला तर पलीकडच्या वाड्या भलामोठा वळसा घालतात, कारण लाँच नकाशात नाही. तिचा मार्ग स्वतंत्र रेघ म्हणून काढावा लागतो, वेगात वाट पाहण्याचा वेळ धरून. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नदीचा थर रस्त्याच्या वर ठेवणं. मग पूल तुटतो आणि आकडा फुगतो. चालण्याच्या टोब्लर सूत्रात 20 टक्के चढाला वेग ताशी अडीच किलोमीटरवर येतो. तोही धडधाकट माणसाचा, डोलीचा नव्हे.

माणदेशी
मान्य, म्हणून नकाशा दोनदा चालवा, कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा. फरक हाच निष्कर्ष.

आकडेमोड
नकाशा कितीही बारीक करा, मूळ बिंदूच हललेले असतील तर उपयोग काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण गोपनीयतेसाठी ग्रामीण समूहाचा, म्हणजे पाहणीतल्या घरांच्या गटाचा, नकाशावरचा बिंदू 5 किमीपर्यंत सरकवतं, शंभरातला एक 10 पर्यंत. सपाटीवर ठीक. पाटण-जावळीत तोच बिंदू डोंगररांग ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात पडू शकतो. त्यामुळे बिंदूची मिनिटं नकोत, भोवतीच्या 5 किमी वर्तुळाची सरासरी घ्या. जनगणना पुस्तिकेतला अंतराचा रकाना वापरायचा तर तोही ढोबळच: 5 च्या आत, 5 ते 10, 10 च्या वर. ‘10 च्या वर’मध्ये 11 आणि 60 दोन्ही आले.

ऊसपट्टा
छेदाचं, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं तिचं काय? डॉक्टरमागे लोकसंख्या काढताना सगळे 2011 ची जनगणना धरतात. गळीत हंगामात वाळवा, कराड भागात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. पालावरच्या गरोदर बाया त्या छेदात नाहीतच, आणि वाढलेल्या बाह्यरुग्णांचा भार मात्र त्याच केंद्रावर.

कृष्णाकाठ
यावर एकमत. पण मिनिटांचा अखंड आकडा जिल्हा परिषदेच्या कामाचा नाही. आरोग्य केंद्राचा निकष सपाटीला 30,000 आणि डोंगरी भागात 20,000 लोकसंख्या असा आहे. ‘डोंगरी’ म्हणायला कुठेतरी रेघ मारावीच लागते.

माणदेशी
रेघ मारा, पण जिल्ह्याच्या हद्दीवर नको. उमदीला विजापूर सांगलीपेक्षा कितीतरी जवळ. कर्नाटकातली रुग्णालयं वगळून केलेला अभ्यास पूर्व जतची पोच खोटीच कमी दाखवतो.

कृष्णाकाठ
आणि धरली, तर तिथे आपली शासकीय योजना चालते की नाही हे न तपासता केलेला अभ्यास ती खोटीच जास्त दाखवतो. पैशाचं अंतर तुमच्या मिनिटांत कुठे बसतं, ते आधी सांगा.