आधी घासा, मग मॅट

फायबरच्या होडीचा नुसता हल (बाहेरचं कवच) आणलाय, आतून सरळ मॅट (काचतंतूंचा कापडासारखा थर) चढवू का, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरात एकाने 'चढवा बिनधास्त' म्हटलंय, ते मला पटत नाही. आधी घासा. जुनं चकचकीत रेझिन (काचतंतू धरून ठेवणारी राळ) ४० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढुरकं, खरखरीत होईपर्यंत (मास्क लावून!), मग धूळ झाडून ॲसिटोनचं फडकं. मी आळस केला होता. वर्सोव्याच्या दमट हवेत चढवलेली मॅट महिन्याभरात पापडासारखी सुटून हातात आली.

तळ पायाखाली दबत असेल तर नुसती जाडी वाढवून भागत नाही, आतून लांबीला स्ट्रिंगर (तळ ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) हवेत. मरीन प्लायची पट्टी हलवर थेट टेकवू नका, बाहेरून रेघ उमटते. खाली फोमची पट्टी द्या, कोपरा पुट्टीने गोल करा. काटकोनात मॅट बसत नाही, खाली हवा राहते.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या १ ते २ टक्के. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) वेगळं मिळालं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकत्र ओतलीत तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आणि जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम काढूच नका.