दे माइट बी जायंट्सचा ‘लिंकन’ हा निव्वळ गमतीचा अल्बम आहे का?

धागाकर्ता :
ब्रुकलिनच्या दे माइट बी जायंट्स या जोडीचा ‘लिंकन’ (१९८८) हा दुसरा अल्बम. चमत्कारिक गाण्यांचा संग्रह म्हणून त्याचे कौतुक होते आणि इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने १९९० मध्ये काढलेल्या ‘फ्लड’ची पूर्वतयारी म्हणून त्याची बोळवणही होते. मला दोन्ही गोष्टी अन्यायकारक वाटतात. या जोडीतील जॉन लिनेल आणि जॉन फ्लॅन्सबर्ग मॅसॅच्युसेट्समधील ज्या गावात वाढले त्याचेच नाव या अल्बमला आहे, आणि माझ्या मते तो आरंभापासून विरहाचा अल्बम आहे. पहिल्याच ‘ॲना इंग’ या गाण्यातील माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, कधीही न भेटलेल्या स्त्रीसाठी झुरतो. गिटारचे तुटक, मध्येच छाटल्यासारखे ठोके त्याची अस्वस्थता शब्दांच्याही आधी पोहोचवतात. ‘दे’ल नीड अ क्रेन’मध्ये तर एका जोडप्याचा संसार मोडतो आणि बांधलेले घर पाडायला क्रेन लागेल असे गायक सांगतो. याला गंमत म्हणणे मला शक्य नाही.

प्रतिसाद १ :
ही दोन गाणी उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही; परंतु त्यांच्या बळावर संपूर्ण अल्बमला विरहाचा म्हणणे मला पटत नाही. चाळीस मिनिटांच्या आत अठरा गाणी उरकली जातात. ‘शूहॉर्न विथ टीथ’ तर जेमतेम सव्वा मिनिटाचे आहे. एखादा भाव मनात रुजण्यापूर्वीच पुढची कल्पना समोर येते. ‘पर्पल टूपे’मध्ये साठच्या दशकातील घटनांची सरमिसळ झालेल्या आठवणी आहेत, कल्पना चतुर आहे, पण ऐकणारा संदर्भ ओळखण्यातच गुंतून राहतो. शिवाय ड्रम मशीनचा एकसुरी ठोका सर्वांना एकाच मापात बसवतो. १९९४ च्या ‘जॉन हेन्री’मध्ये पूर्ण बँड आल्यावर याच जोडीचे संगीत किती मोकळा श्वास घेते, ते ऐकावे.

प्रतिसाद २ :
गाण्यांची लांबी दोष म्हणून मोजताना ती कशी घडली हेही लक्षात घ्यायला हवे. ही जोडी आपली गाणी फोनच्या उत्तरयंत्रावर ठेवत असे. ‘डायल-अ-साँग’चा क्रमांक फिरवला की एकट्या ऐकणाऱ्याला एक गाणे ऐकू येई. अशा ठिकाणी लांबलचक प्रस्तावनेला वाव नसतो; पहिल्या काही क्षणांतच चाल कानात बसावी लागते. ती शिस्त ‘लिंकन’मध्ये स्पष्ट दिसते आणि मला ती आवडते. मात्र तिच्यामुळे काही गाणी अर्धवट राहिली आहेत, हे प्रतिसाद १ चे म्हणणे मलाही मान्य आहे.

धागाकर्ता :
ड्रम मशीनविषयी माझे मत अगदी उलट आहे. ‘दे’ल नीड अ क्रेन’ची चाल प्रसन्न आहे, ठोका निर्विकार आहे, आणि त्यांच्यावर ते भांडण, तो दुरावा उलगडत जातो. तेथे एखादा कसलेला ड्रमवादक असता तर त्याने नकळत दुःखाला साथ दिली असती, उत्कट जागी जोर वाढवला असता. यंत्र तसे करत नाही. माणसाचे घर मोडत असताना ते आपल्याच गतीने चालत राहते, आणि म्हणूनच ते गाणे मला अधिक बोचते. ‘स्नोबॉल इन हेल’मध्ये पैशाची चणचण आणि कामाचा थकवा याच रीतीने येतो. ‘जॉन हेन्री’ भरदार आहे खरा, पण ही बोच मला त्यात सापडत नाही.

प्रतिसाद १ :
आपला मुद्दा मी विचारात घेतला. तरी शेवटचे ‘किस मी, सन ऑफ गॉड’ पुन्हा ऐकावे, अशी विनंती आहे. इतरांच्या श्रमांवर साम्राज्य उभारून स्वतःची पूजा करवून घेणारा माणूस त्यात बोलतो. येथे ड्रम मशीन नाही, तंतुवाद्यांची साथ आहे, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्या आवाजातील गोडव्याखालचे क्रौर्य अंगावर येते. निर्विकार यंत्र हेच या अल्बमचे बळ असेल, तर त्यातील सर्वांत प्रभावी गाणे त्या यंत्राविना का उभे राहते, याचे उत्तर आपल्या मांडणीत मला मिळत नाही.